देवळाची पायरी आणि घराचा उंबरठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात गेले दोन दिवस शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार आणि शिक्षणाचे खाजगीकरण या विषयांवर व्याख्याने झाली. अशा विषयांच्या पंक्तीत सणावारांच्या घरगुती रूढी आणि पवित्र स्थळी वागण्याची रीत हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला. तेव्हा एका तरुण साथीने मला हसतच विचारले, "म्हणजे आता पक्षाच्या शिबिरात हळदीकुंकवावर भाषण होणार का?" होणार आहे. ज्या माणसांत आपण काम करतो, त्यांचे वर्ष निवडणुकांनी किंवा अधिवेशनांनी मोजले जात नाही. ते संक्रांत, शिमगा, पाडवा, आषाढी, गौरी-गणपती, दसरा-दिवाळी असे मोजले जाते. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातला कामगार वर्षभर पोटाला चिमटा घेऊन गणपतीच्या चार दिवसांसाठी पैसे आणि रजा राखून ठेवी. ज्याला या माणसाचे मन कळले नाही त्याला त्याचा लढाही पुरता कळणार नाही.

या विषयाच्या बाबतीत आपल्या कार्यकर्त्यांत दोन प्रकार आढळतात, आणि दोन्ही मला सदोष वाटतात. पहिला प्रकार तुच्छतेचा. देवळाच्या ओट्यावर चपला घालून चढायचे, भजन चालू असता मोठ्याने बोलायचे, नैवेद्याची टिंगल करायची, आणि यालाच पुरोगामित्व समजायचे. हे करणाऱ्याला वाटते की आपण देवाला आव्हान दिले. वस्तुतः तो अपमान करतो तो दिवसभर शेतात राबून संध्याकाळी टाळ हाती घेणाऱ्या माणसाचा. दुसरा प्रकार याहून अधिक आढळतो आणि अधिक घातक आहे. तो म्हणजे निमूटपणाचा. बाहेर सभेत समतेवर तासभर बोलायचे आणि घरी आल्यावर आई, बायको, भावकी जे करतील ते मुकाट्याने पाहायचे. "घरातल्या गोष्टीत कशाला पडायचे, त्यांची श्रद्धा आहे," असे म्हणून विषय संपवायचा. मीही या दुसऱ्या प्रकारात अनेक वर्षे मोडत होतो, हे आरंभीच कबूल करतो. त्याविषयी पुढे बोलेन.

प्रश्न असा आहे की श्रद्धावानांचा मान राखायचा आणि अन्याय्य रूढीपुढे मान मात्र तुकवायची नाही, हे एकाच वेळी कसे साधावे? मला त्यासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडली आहे. जो नियम सर्वांना सारखा लागू आहे आणि ज्याची थोडीफार तोशीस प्रत्येकाला पडते, तो आदराचा नियम. जो नियम कोणाला तरी बाहेर उभे करतो किंवा मागे बसवतो, तो उतरंडीचा नियम. त्याला आदराचे नुसते नाव दिलेले असते. देवळात शिरताना पादत्राणे बाहेर काढावी लागतात. ती जमीनदारालाही काढावी लागतात आणि त्याच्या सालगड्यालाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात डोके झाकावे लागते, ते पुरुषालाही झाकावे लागते आणि स्त्रीलाही. आणि लंगरात सर्वांना एकाच पंगतीत जमिनीवर बसावे लागते. हे नियम मी नास्तिक असूनही आनंदाने पाळतो. पण "अमुक जातीने पायरीशी थांबावे", "बाईने चौथऱ्यावर चढू नये", "विधवेने ओटी भरू नये" हे नियम त्या वर्गातले नाहीत. त्यांची तोशीस एकालाच पडते, आणि मान दुसऱ्याचा वाढतो.

ही कसोटी घेऊन आपण प्रथम पंढरपुरास जाऊ. वारीतला एक शिष्टाचार आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोन वारकरी भेटले की ते एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, पैसा पाहत नाहीत. म्हातारा पोराच्या पायाला हात लावतो आणि दोघेही एकमेकांना 'माउली' म्हणतात. आदराची याहून समान रीत मला आपल्या समाजात दुसरी दिसत नाही. परंतु हीच वारी ज्या मंदिराच्या दाराशी संपते, त्याच्या पायरीवर आपल्या इतिहासातली विसंगती दगडात कोरल्यासारखी उभी आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवाने महाद्वारातल्या पायरीत चिरविश्रांती घेतली, असे संप्रदाय मानतो. त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. एका संताने आपण होऊन पायरीची जागा मागून घेतली. दुसऱ्याला त्याच्या हयातीत त्या पायरीपलीकडे जाऊ दिले नाही. आज नामदेवाच्या पायरीवर कोणी पाय ठेवत नाही, चोखोबांच्या समाधीपुढे सर्वजण वाकतात. मेलेल्या संतापुढे वाकणे आपल्याला लवकर जमते. त्याच्या जातीच्या जिवंत माणसाला आत येऊ देण्यास मात्र सुमारे सहाशे वर्षे लागली.

त्या सहाशे वर्षांचा शेवट कसा झाला, हे आपल्या परंपरेतल्या प्रत्येकाने आठवले पाहिजे. साने गुरुजींनी महिनोन्‌महिने महाराष्ट्राचा दौरा केला, गावोगाव विहिरी आणि देवळे खुली करण्याचे आवाहन केले, आणि १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते प्राणांतिक उपोषणास बसले. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते. देशापुढे फाळणीचा आगडोंब होता. अशा वेळी देवळाचा प्रश्न कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते. गुरुजी श्रद्धावान होते. विठ्ठलावर त्यांचे प्रेम होते, आणि म्हणूनच त्याच्या दारातला अन्याय त्यांना असह्य झाला. मंदिराचा खरा आदर कोणी केला? शुचितेच्या नावाखाली दार अडवणाऱ्यांनी, की ते उघडावे म्हणून प्राण पणाला लावणाऱ्या गुरुजींनी?

त्याआधी १९३०च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे बंद दारांसमोर शांतपणे बसली. देवळात गेल्याने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. माणूस म्हणून समान वागणूक मिळते की नाही, याची ती परीक्षा होती. सवर्ण समाज त्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला आणि १९३५ साली येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार बंद ठेवून देवळाचे पावित्र्य राखले असे ज्यांना वाटले, त्यांनी आपल्या धर्माचेच केवढे नुकसान केले हे त्यांना नंतरही उमगले नाही.

पंढरपूरचा विषय निघाला की आणखी एका माणसाचे स्मरण होते. गाडगेबाबा वारीच्या काळात पंढरपुरास येत. दिवसा हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री वाळवंटात कीर्तन करीत. मंदिरात दर्शनासाठी जाण्यात त्यांना रस नव्हता. आलेल्या गोरगरिबांना, विशेषतः ज्यांना कोणी ओसरीवर उतरू देत नसे अशांना राहण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पवित्र स्थळी कसे वागावे याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ मला सांगता येणार नाही. तिथे येणाऱ्या माणसाची सोय पाहणे, तिथली घाण आपल्या हाताने काढणे, आणि ज्याला कोणी जागा देत नाही त्याला जागा देणे.

कोणी म्हणेल, हा सारा भूतकाळ झाला. तसे नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी हाती घेतला होता. पुढे विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी उच्च न्यायालयात गेल्या. १९५६ साली आपल्या राज्यात एक कायदा झालेला आहे. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानात प्रवेशास मनाई करणाऱ्याला त्याखाली शिक्षा होऊ शकते. तो साठ वर्षे पुस्तकात पडून होता. २०१६च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी सरकारची असल्याचे बजावले आणि त्याच महिन्यात, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हाजीअली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. तो लढा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी दिला होता. ही दोन उदाहरणे मी मुद्दाम जोडून सांगतो. स्त्रीला दाराशी थांबविण्याच्या बाबतीत आपल्या देशातल्या धर्मांत फारसे भांडण नाही. आणि ते दार उघडण्याच्या लढ्यातही कोणा एका धर्माच्या बायका एकट्या नाहीत.

अलीकडे आदराचा अर्थ पोशाखावर आणून ठेवण्याची टूम निघाली आहे. २०२३ साली नागपुरातील काही मंदिरांनी आणि २०२५ साली मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने दर्शनाला येणाऱ्यांच्या कपड्यांविषयी नियम केले. देवळात नीटनेटके यावे याला माझी हरकत नाही. आपल्या आजीलाही ते आवडत नसे की कोणी पारोशाने देवापुढे जावे. माझी शंका वेगळी आहे. अशा नियमांची अंमलबजावणी दारावरचा पहारेकरी करतो, आणि त्याची नजर बहुधा बायकांच्या अंगावर फिरते. दुसरीकडे याच देवळांतून पैसे भरून किंवा ओळख सांगून रांग टाळण्याची सोय असते. पंढरपुरात आषाढीला वारकरी रांगेत रात्र-रात्र उभा असतो. अंगावर मळलेले धोतर असते, पायाला फोड आलेले असतात. त्याच्या डोळ्यांदेखत एखादा पुढारी लवाजम्यासह बाजूच्या दाराने आत जातो. या दोघांपैकी देवाचा अनादर कोण करतो? सत्तरच्या दशकाच्या आरंभी समाजवादी मंडळींनी पंढरपूरच्या शासकीय महापूजेला हरकत घेतली होती. तिच्यामागे निधर्मी राज्याचे तत्त्व होते. पण रांगेतल्या माणसाच्या बाजूने पाहिले तरी ती हरकत मला योग्यच वाटते. देवापुढे सत्तेचा बिल्ला लावून उभे राहणे हीसुद्धा उद्धट वागणूकच आहे.

आणि आदराचा हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही, जिवाचाही आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत जवळजवळ तीनशे माणसे मेली. चिंचोळी वाट, दुतर्फा दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि आवरता न येणारी गर्दी. मेलेल्यांत बहुतेक गरीब, खेड्यापाड्यांतून आलेली माणसे होती. देवीचे पावित्र्य राखण्याविषयी बोलणारे पुष्कळ होते. तिच्या डोंगरावर चढणाऱ्या बाईचा पाय घसरू नये, एवढी काळजी घेणारे मात्र अपुरे पडले. तीच गोष्ट पंढरपुरातली. वारी झाल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटातली घाण कोणत्या जातीच्या माणसांनी हातांनी उचलायची, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने नदीपात्रातल्या राहुट्यांना मनाई केल्यावर पलीकडच्या पासष्ट एकरांत वारकऱ्यांची सोय झाली, शौचालये वाढली. हे काम वास्तविक भक्तांनी आणि शासनाने आपण होऊन करायचे होते. ते करून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

साथींनो, इथवर मी देवळाबद्दल बोललो. आता घराकडे वळतो. आणि हाच माझ्या सांगण्याचा मुख्य भाग आहे. देवळाच्या दारात कोणी कोणाला अडवतो, ही सवय तो कुठे शिकतो? देवळात मूल वर्षातून चार वेळा जाते. घरात ते रोज असते. आपल्या घरात सणाच्या दिवशी कोण पुढे बसते, कोण मागे उभे राहते, कोणाला आधी वाढतात आणि कोण उरलेले खाते, हे ते न बोलता पाहत असते. देवळाची पायरी ही घराच्या उंबरठ्याचीच मोठी आवृत्ती आहे.

संक्रांतीचे हळदीकुंकू घ्या. खरे म्हणजे किती सुंदर कल्पना आहे. थंडीचे दिवस, तिळगूळ, ओटीत ऊस-बोरे-हरभरे, शेजारपाजारच्या बायकांना घटकाभर घराबाहेर पडून एकमेकींकडे जाण्याचे निमित्त. १८५२च्या संक्रांतीला पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने तिळगुळाचा समारंभ झाला, तेव्हा सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसविण्यात आले होते. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका स्त्रीला सुचले की सण मोडायचा नाही, त्याचे जाजम रुंद करायचे. आणि आपण? अजूनही कित्येक घरांत त्या दिवशी एक बाई आतल्या खोलीत असते. ती सकाळपासून तीळ भाजते, गूळ चिरते, वाणाच्या वस्तू नीट मांडते, आणि बायका यायला लागल्या की आत जाते. तिला कोणी 'जा' म्हणत नाही. म्हणावेच लागत नाही, इतकी ही शिकवण खोल गेलेली आहे.

मघाशी म्हणालो तशी आता माझी कबुली देतो. ज्या काळात 'एक गाव, एक पाणवठा' चळवळ सुरू होती, त्या काळात मी तरुण होतो. आमच्या तालुक्यातल्या पाच-सहा गावांत पाणवठ्यावर सभा घेत होतो. पाण्याला विटाळ नसतो असे सांगत होतो. त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. आईने लग्नाचे सारे काम केले, पापड-कुरडयांपासून रुखवतापर्यंत. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा मी मांडवात उभा होतो. सहज मागे पाहिले, तर आई कोठीघराच्या दाराआड उभी होती, पदर तोंडाशी धरून. अक्षता तिच्या हातात होत्या, पण त्या टाकायला ती पुढे आली नाही. कन्यादान काका-काकूंनी केले. मी हाक मारू शकलो असतो. चार पावलांचे अंतर होते. व्याही काय म्हणतील, मुहूर्त मोडेल का, एवढाच विचार माझ्या मनात आला, आणि मी मान वळवली. दुसऱ्या गावच्या विहिरीवर ज्याला धीर होता, त्याला आपल्या आईच्या बाबतीत चार पावले टाकता आली नाहीत. ही गोष्ट मी तिच्याजवळ कधी बोललो नाही, आणि आता ती नाही.

पुढे अनेक वर्षांनी माझ्या मुलीने तिच्या पहिल्या संक्रांतीला आजीला हाताला धरून बाहेर आणले आणि सर्व बायकांच्या देखत हळदीकुंकवाची कोयरी तिच्यापुढे केली. आई दचकली. "मला नको गं बाई, लोक काय म्हणतील," असे म्हणून तिने हात मागे घेतला. मुलीने आग्रह केला नाही. तिळगूळ दिला, वाण दिले, सर्वांत वडील म्हणून आधी नमस्कार केला आणि बायकांच्या मध्ये बसवून घेतले. आईने शेवटपर्यंत कुंकू लावले नाही. पण त्यानंतर ती कधी आतल्या खोलीत गेली नाही. मला त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक, पन्नास वर्षांचे भय एका भाषणाने किंवा एका बोटभर कुंकवाने जात नाही. दुसरी, सुधारणा करतानाही समोरच्या माणसाचा मान राखावा लागतो; तिला काय हवे आहे हे तिलाच ठरवू द्यावे लागते.

काही स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतात की कुंकू हेच मुळात नवऱ्याच्या अस्तित्वाचे चिन्ह आहे. विधवेला ते लावायला देण्यात कसली आली मुक्ती? त्यांचे म्हणणे मला तत्त्वतः पटते. तथापि आधी शिक्षा काढून घेतली पाहिजे. नवरा मेल्याच्या दिवशी, दुःखाने आधीच अर्धमेल्या झालेल्या बाईला चारचौघींत धरून तिचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे, ही शिक्षा आहे. आणि गुन्हा कोणता, तर ती जिवंत राहिली. शिक्षा थांबल्यावर कोणी कुंकू लावील, कोणी लावणार नाही. तो तिचा प्रश्न.

ही शिक्षा थांबविण्याचा इतिहास आपण कामगार चळवळीतल्या माणसांनी विशेष अभिमानाने सांगितला पाहिजे. विधवांच्या केशवपनाविरुद्ध सुधारक लेख लिहीत होते, व्याख्याने देत होते. पण १८९०च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र केले आणि आम्ही या बायकांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही, असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. जे गिरणी कामगारांची संघटना बांधणारे पहिले पुढारी, तेच या कामातही पुढे होते. रूढी ही शेवटी कोणाच्या तरी हातांनी चालते, आणि ते हात थांबले की रूढी थांबते, हे त्यांनी ओळखले होते.

२०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने तेच केले. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्या वेळी ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव संमत केला, आणि काही दिवसांतच राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. मी या ठरावाला फार किंमत देतो, कारण तो गावाने केला. पण परिपत्रकांचे आपल्याकडे काय होते हे आपणा सर्वांना माहीत आहे. ज्या घरात मयत झाली आहे, त्या घरी दहाव्या दिवशी जाऊन "वहिनींच्या बांगड्यांना हात लावू नका" असे हळू आवाजात सांगणारा माणूस त्या गावात नसेल, तर ठराव भिंतीवरच राहील. तो माणूस आपला कार्यकर्ता असला पाहिजे. आणि त्याने ते सांगण्यापूर्वी स्वतःच्या घरी केलेले असले पाहिजे.

गौरी-गणपतीतही तेच पाहा. गौरी माहेरपणाला येते असे आपण मानतो. तिला सोळा भाज्या, पुरणपोळी, घावन-घाटले. त्या माहेरवाशिणीचे कौतुक करण्यासाठी घरातली जिवंत माहेरवाशीण आणि सून पहाटेपासून चुलीपाशी असतात. पुरुष आणि पाहुणे पहिल्या पंगतीला बसतात, बायका तिसऱ्या प्रहरी गार अन्न खातात. एखादीची पाळी आली तर तिने बाजूला बसायचे, गौरीला हात लावायचा नाही. आणि तरीही मागल्या दारची भांडी घासायला ती चालते. सृजनाच्या देवतेपुढे सृजनशक्तीचाच विटाळ मानणारा हा न्याय आहे. या बाबतीत कायदा, न्यायालय, मोर्चा काही कामाचे नाही. पुरुषांनी उठून वाढायला घ्यावे, पंगत एकच करावी, आणि कोण बाजूला बसली आहे याची चौकशी बंद करावी. नुसते असे करून पाहा. लेख लिहिण्यापेक्षा ते किती अवघड आहे हे पहिल्याच वर्षी कळेल.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर देतो. "तुम्ही देव मानत नाही, मग आमच्या सणांत आणि देवळांत तुम्हाला बोलण्याचा अधिकार काय?" हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो, आणि आजकाल तो जरा चढ्या आवाजात विचारला जातो. त्याला आपण चिडून उत्तर देऊ नये. आपण सांगावे की तुमच्या देवाविषयी आम्ही काही बोलत नाही. त्याच्या दारात आमची आई उभी आहे, बहीण उभी आहे, शेजारी उभा आहे; त्यांच्याविषयी आम्ही बोलतो, आणि त्या बाबतीत आमचा अधिकार तुमच्याइतकाच आहे. असे सांगण्याचा नैतिक अधिकार मात्र आपल्याला कमवावा लागेल. जो यात्रेत पाणी वाटतो, हरवलेल्या पोराला आईकडे पोचवतो, जत्रा उठल्यावर निर्माल्य आणि पत्रावळी गोळा करतो, तो कार्यकर्ता "बाईला अडवू नका" म्हणाला तर गाव त्याचे ऐकते. जो वर्षातून एकदा पत्रक वाटायला येतो त्याचे ऐकत नाही, आणि त्यात गावाची चूक आहे असे मला वाटत नाही.

सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर देशभरातून आलेली माणसे तासन्‌तास रांगेत उभी असतात. तिथे धनिकांसाठी वेगळी रांग नसते. दर्शन झाल्यावर पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होते. दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई पोरासाठी एक पुस्तक विकत घेऊन परतीची गाडी पकडते. आदर म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी तिच्याकडे बोट दाखवीन.

आता थोड्याच दिवसांत सणांचे दिवस येतील. या सभागृहात बसलेल्या आपणा प्रत्येकाच्या घरी कोणीतरी कोठीघराच्या दाराआड उभे असण्याची शक्यता आहे. शिबिराचे ठराव आपण उद्या करू. त्याआधी आज रात्री एवढाच विचार करावा की आपल्या घरात ते कोण आहे. आणि या वेळी ती चार पावले टाकावीत.